दुपारचा पिंगळा

पाच नंबरच्या गल्लीत छगनच्या दुकानात दाढीला बसलेल्या भाईदास मास्तरांना ते डोळे आधी आरशात दिसले. मागच्या बाकावर नंबर लावून बसलेल्या कुणीतरी पेपर उलगडला होता, आणि आरशातल्या उलट्या अक्षरांच्या मधोमध एक पाखरू सरळ मास्तरांकडे बघत होतं. काळ्यापांढऱ्या छपाईत डोळ्यांचा रंग कळायचं काही कारण नव्हतं, पण मास्तरांना ते पिवळेच दिसले. मान दोन बोटं हलली असेल नसेल, नेमका तेव्हाच छगनचा वस्तरा हनुवटीच्या वळणावर होता. गुरुजी, तुम्ही हललात, असं म्हणून छगननं आधी स्वतःवरचा दोष झटकला आणि मग तुरटी फिरवली. तुरटी झोंबली तेव्हा मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तुरटीचंच आहे असं छगन धरून चालला हे बरं झालं. उरलेली दाढी होईपर्यंत ते डोळे मिटून बसले. उठल्यावर त्यांनी तो पेपर मागून घेतला आणि उभ्याउभ्या बातमी वाचली. मग खाली बसून पुन्हा वाचली.

बातमी अशी होती की शहाद्याच्या वरच्या जंगलात परदेशी जाणकारांना रानपिंगळा सापडला. एकशे तेरा वर्षं तो कुणाला दिसला नव्हता. जगातून गेला, असं पुस्तकांत लिहून ठेवलेलं होतं. हा पिंगळा इतर घुबडांसारखा रात्रीचा जीव नाही, भर दिवसा निष्पर्ण सागाच्या शेंड्यावर उघडा बसतो, छाती तपकिरी, पोट पांढरं, आणि शेपटी सारखी इकडून तिकडे हलवतो. शेपटीपाशी आल्यावर मास्तरांनी पेपरची घडी केली. पांझरेच्या पुलावरून देवपुरात घरी जाताना त्यांना दोन ओळखीच्या माणसांनी नमस्कार केला आणि हनुवटीला काय झालं म्हणून विचारलं. दोघांनाही त्यांनी काय सांगितलं ते त्यांना घरी पोचल्यावर आठवेना. सत्त्याण्णव साल संपत आलेलं, थंडी पडलेली, पुलाखाली धुणं धोपटायचा आवाज चाललेला, आणि मास्तरांच्या डोक्यात मात्र त्र्याऐंशी सालच्या एप्रिलमधली दुपार, एकही पान नसलेला साग आणि हलणारी शेपटी.

एकशे तेरा वर्षांच्या त्या हिशेबात चूक होती, हे धुळ्यात एकट्या भाईदास मास्तरांना ठाऊक होतं. मास्तर पूर्वी शिकवायचे त्या साजापाणीच्या शाळेमागच्या सागावर तो रोज अकरा वाजता येऊन बसायचा. गावात त्याला कुणी रानपिंगळा म्हणत नव्हतं, नुसता पिंगळाच म्हणत, आणि त्याच्या वाटेला कुणी जात नसे. पिंगळ्याला दगड मारू नये, हे खानदेशात शेंबडं पोरही सांगेल. मारलाच, तर तो खाली उतरतो, तोच दगड उचलून ढोलीत नेतो आणि रोज थोडा थोडा घासत बसतो. दगड झिजतो तसतसा मारणारा झिजतो. मास्तर डी.एड. झालेले, शास्त्राचा विषय आवडीचा, त्यामुळे पहिल्याच वर्षी त्यांनी चौथीच्या पोरांना फळ्यावर घुबडाची चोच काढून दाखवली होती आणि या चोचीनं दगड घासायचा म्हटलं तर आधी काय झिजेल, असा प्रश्न टाकला होता. पोरं म्हणाली, दगडच. मास्तर खूप हसले होते. तेव्हा ते तीस वर्षांचे होते आणि पोरांना आपण हरवू शकतो असं त्यांना वाटत होतं.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरचा मोतीलाल तोच पेपर घेऊन जिना उतरून आला. मोतीलाल कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचा, अजून लग्न व्हायचं होतं, आणि रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून कुठल्या तरी तळ्यावर जायचा. तुम्ही त्या बाजूला चार वर्षं काढलीत ना सर, तुम्हाला कधी दिसला होता का, असं त्यानं विचारलं. मास्तर पटकन नाही म्हणाले. इतक्या पटकन की मोतीलालनं चहाचा कप खाली ठेवला. मग आपणच सावरून घेत म्हणाला की साध्या पिंगळ्यात आणि यात फरक कळायला डोळा लागतो, तुमचं काय चुकलं त्यात. पुढच्या रविवारी तो जीप करणार होता. वाट दाखवायला सर आले तर बरं होईल, गावात ओळख निघेल. मास्तर गुडघ्याचं कारण सांगणार होते, पण तोंडातून निघालं ते येतो म्हणून. तो गेल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला. एकाच बैठकीत माणसानं किती वेळा मनाविरुद्ध बोलावं.

राग येण्यासारखं होतं, कारण त्या सागाविषयी खरं बोलायचं म्हटलं तर बायकोविषयी, लिलेविषयी बोलावं लागलं असतं, आणि लिलाबाईंना जाऊन सात वर्षं झाली तरी मास्तर तिच्याविषयी कुणाशी बोलले नव्हते. लोकांना वाटे दुःख फार आहे. दुःख होतंच. पण त्याच्या तळाशी एक गोष्ट होती, जी सांगितली असती तर लोकांनी त्यांचं सांत्वन केलं नसतं. त्र्याऐंशीच्या त्या एप्रिलमध्ये मास्तर वार्षिक परीक्षेचे निकाल घेऊन तालुक्याला गेले होते, दोन दिवस. लिला घरी एकटी, अंगात हिवतापाची कणकण. दुपारी गाव मोहाची फुलं वेचून दमून निजलेलं, आणि समोर सागावर पिंगळा तिच्याकडे टक लावून बसलेला. तिनं काहीतरी उचललं आणि मारलं. मास्तर परत आले तेव्हा ती काहीच बोलली नाही. ताप उतरला तरी ती जेवेना. ताटावर बसायची, भाकरीचा तुकडा मोडायची आणि तसाच ठेवायची. चौथ्या दिवशी शेजारच्या तानुबाईनं मास्तरांना कुंपणापाशी बोलावून सांगितलं की बाईनं पिंगळ्याला मारलंय, तो दगड शोधून आणा आणि नदीला वाहा, त्याबिगर ती खाणार नाही. मास्तरांनी आधी तानुबाईला शास्त्र सांगितलं, मग लिलेला सांगितलं, चोचीचं चित्रसुद्धा काढलं. लिलेनं चित्र नीट पाहिलं आणि म्हणाली, तुमचं खरं आहे. पण जेवली नाही. आणखी तीन दिवसांनी, आपली बुद्धी आपल्याच खिशात घालून, मास्तर सागाखाली गेले.

सागाखाली दगडच दगड होते. त्यातला कोणता ओळखायचा, हे कुठल्याच शास्त्रात नव्हतं. मास्तर तिथं उभे राहिले, स्वतःशी हसले, आणि नदीवर पाय धुवायला गेले. तिथं एक गोल, गुळगुळीत, मुठीत मावणारा दगड पाण्यात पडला होता. तो त्यांनी धोतराच्या टोकाला पुसला आणि घरी नेऊन लिलेच्या हातात दिला. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला. पदरानं पुसून उजेडाकडे धरून पाहिला. "हाच का?" तिनं विचारलं. "हाच," मास्तर म्हणाले. "बरं," असं म्हणून ती नदीवर गेली, दगड वाहून आली, आणि त्या संध्याकाळी ज्वारी-उडदाच्या कळण्याची दीड भाकरी ठेच्याशी खाल्ली. मास्तरांच्या आयुष्यात इतकं सुख कशानंच झालं नव्हतं, आणि त्या सुखात आपल्या हुशारीचा वाटा किती हे मोजायलाही ते विसरले नाहीत.

ही खोड वाईट. पंच्याऐंशीला बदली होऊन धुळ्याला आल्यावर मास्तर काही शिक्षकमित्रांबरोबर विज्ञान जागृतीची भाषणं देऊ लागले. भाषणं बरी व्हायची, पण लोक जांभया द्यायचे. एकदा त्यांनी मध्येच एका मास्तराची, त्याच्या बायकोची आणि पिंगळ्याची गोष्ट घातली, गावाचं नाव बदलून, आणि सभा हसली. मग ती गोष्ट प्रत्येक भाषणात आली. दर खेपेला तिला थोडं तिखट-मीठ लागलं. बायको बारीक आवाजात "हाच का?" म्हणू लागली, मास्तर छाती फुगवून "हाच" म्हणू लागला. अठ्ठ्याऐंशी सालच्या शिक्षकदिनाला देवपुरातल्या शाळेच्या पटांगणात ते असेच रंगात आले होते. लोक डोळे पुसत हसत होते. आणि शेवटी टाळ्या चालू असताना बायकांच्या बाजूला तिसऱ्या रांगेत, शेजारच्या सुनंदाबाईंच्या मांडीला मांडी लावून बसलेली लिला त्यांना दिसली. येणार असल्याचं ती बोलली नव्हती. तिनं पदर तोंडावर धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती की काय करत होती ते पदरामुळं कळत नव्हतं. घरी येताना तिनं वाटेत मेथीची जुडी घेतली. स्वयंपाकघरात गेल्यावर आतूनच म्हणाली, चांगलं बोलता तुम्ही. आणि मास्तरांना, देवा, तेव्हा आनंद झाला होता.

पुढच्या पावसाळ्यात लिला बारीक व्हायला लागली. सणाला साबण लावूनही न चढणाऱ्या बांगड्या दिवाळीपर्यंत कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टरांनी आतड्यातली गाठ सांगितली, तिचं लांबलचक नाव कागदावर लिहून दिलं. मास्तरांनी ते नाव पाठ केलं. त्यांना सगळं कळत होतं. गाठ असते, ती वाढते, दगडाचा आणि गाठीचा संबंध नाही, हे त्यांनीच शेकडो लोकांना समजावलेलं. पण दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर दर आठवड्याला थोडी थोडी कमी होत जाणारी बायको बघताना माणसाच्या मनात काय येईल, त्यावर भाषण देणाऱ्याचाही इलाज नसतो. ती त्या दगडावर विसंबून होती. त्यांनी दिला होता तो विसावा, आणि त्यांनीच टाळ्यांसाठी भर पटांगणात काढून घेतला. खरा दगड अजून तिकडे कुणाच्या तरी ढोलीत आहे, असं त्या दिवशी तिला कळलं. तिथून ती झिजायला लागली. हे मास्तरांनी कधी शब्दांत मांडलं नाही, पण त्यांची भाषणं बंद झाली. लोकांना त्यांनी घशाचा त्रास सांगितला. शेवटच्या आठवड्यात एकदा दुपारी लिलेनं विचारलं होतं, "तेव्हा तुम्ही दगड कुठून आणला होता हो?" मास्तरांचा हात तिच्या कपाळावर होता. "सागाखालून," ते म्हणाले. ती थोडंसं हसली आणि डोळे मिटून पडून राहिली. आपण दुसऱ्यांदा खोटं बोललो, आणि आता तर तिला माहीत असताना बोललो, हे सात वर्षं त्यांच्या मागे होतं.

रविवारी पहाटे निघाले. जीप भाड्याची, चालवायला उखर्डू नावाचा अबोल माणूस, पुढं मोतीलाल मांडीवर दुर्बीण घेऊन. हायवेला सोनगीर आलं तशी किल्ल्याची टेकडी उजाडत्या आभाळावर उमटली. एक्याऐंशीच्या जूनमध्ये एस.टी.नं जाताना, पायाशी ट्रंक आणि मांडीवर पाण्याचा तांब्या घेऊन बसलेल्या लिलेनं विचारलं होतं, वर कोण राहतं. कुणी नाही, मास्तर म्हणाले. मग दिवाबत्ती कोण करतं, तिनं विचारलं. फैजपूरकडची पोर, केळीच्या बागांतून बाहेर कधी गेलेली नव्हती, आणि रिकामी जागा दिव्याविना राहते ही गोष्ट तिला पटली नव्हती. सारंगखेड्याला तापीच्या पुलाजवळ घोड्यांची यात्रा भरली होती, म्हणून जीप हळू झाली. पांढरे, अबलख, काळे घोडे दोरखंडाला ओळीनं उभे, मालक शेकोटीपाशी. याच यात्रेत ब्याऐंशी साली लिलेनं एका उंच घोड्याच्या नाकाला हात लावला होता आणि घोड्याचा श्वास गरम असतो म्हणून तीन दिवस ज्याला त्याला सांगितलं होतं. मोतीलाल मागं वळून म्हणाला, सर, इतकं सगळं आपल्या जिल्ह्यात आहे आणि लोक माथेरानला जातात. मास्तर हो म्हणाले. त्यांनाही हा भाग सोडून बारा वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत आपण एकदाही का आलो नाही ते त्यांनी मोतीलालला सांगितलं नाही.

शहादा सोडल्यावर रस्ता चढाला लागला आणि मास्तरांना आधी वासावरून सातपुडा ओळखू आला. वाळल्या सागपानांचा तो कोरडा, काथ्यासारखा वास छातीत गेला तसा त्यांना गुडघ्याचाही थोडा विसर पडला. पण झाडी विरळ झाली होती. पूर्वी जिथं अस्वल मोहाखाली फुलं खायला यायचं, आणि तानुबाईचा नवरा पुना लांबूनच हाळी देत त्याला बाजूला व्हायची विनंती करायचा, तिथं आता तुरीचं शेत होतं. मास्तर आणि पुना सुट्टीच्या दिवशी रानात हिंडायचे. पुनानं त्यांना चौशिंग्याचे खूर, बिबट्याची पाणी प्यायची जागा आणि गच्च रानात कुणी बांधली ते कुणालाच माहीत नसलेली दगडी पायविहीर दाखवली होती. विहिरीच्या पायरीवर बसून मास्तर तिच्या काळाविषयी बोलायचे, आणि पुना ऐकून झाल्यावर म्हणायचा, पाणी गोड शे. वाटेत वाघदेवाचा दगड लागला. वर चंद्रसूर्य, खाली वाघ, शेंदूर ताजा. मोतीलालनं उतरून चार फोटो काढले. वाघ इथून कधीच गेले, पण शेंदूर अजून दर वर्षी लागतो, हे उखर्डूनं सकाळपासूनचं पहिलं वाक्य बोलून सांगितलं.

साजापाणीला स्लॅबची शाळा झाली होती. जुन्या शाळेच्या कुडाच्या भिंती आणि नळीची कौलं गेली, नुसता चौथरा उरला. मागचा साग तोडलेला होता. बुंध्यातून चार फुटवे आले होते, माणसाच्या दंडाएवढे. मास्तर त्या बुंध्यापाशी उभे राहिले आणि त्यांना आपण इतक्या लांब कशासाठी आलो ते उघडउघड कळलं. सागाखाली जाऊन दगडांकडे बघायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. बघून काय होणार होतं ते विचारायचं नाही. चौदा वर्षांपूर्वी जे नीट शोधलं नाही ते आता शोधायचं, असं शास्त्राच्या मास्तराला वाटत होतं, आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती. खाली दगड तसेच होते. मोतीलाल गावातल्या एका माणसाला घेऊन नाल्याच्या वरच्या अंगाला, जिथं अजून उंच साग होते, तिकडे गेला. मास्तर गुडघ्याचं नाव करून मागं राहिले.

तानुबाई चौथऱ्यापलीकडच्या अंगणात उडीद पाखडत होती. पुना गेला होता, हे कपाळावरून कळलं. डोळ्यांनी कमी दिसत असावं, कारण तिनं आधी मास्तरांच्या आवाजाची वाट पाहिली, मग सूप खाली ठेवून हसली. तिच्या तोंडात तीन दात होते. खाली गुजरांच्या शेतांत जन्मभर मजुरी केल्यामुळं ती मास्तरांशी अहिराणीच बोलायची. बाई कशी शे, असं तिनं विचारलं. मास्तरांनी सांगितलं. तिनं पुन्हा सूप हातात घेतलं. कशानं, असं विचारल्यावर मास्तरांनी गाठीचं सांगितलं. आणि मग, उडदाचा फोल उडताना बघत, ज्या गोष्टीविषयी ते सात वर्षं कुणाशी बोलले नव्हते ती या म्हातारीला सांगितली. नदीतला दगड, भाषण, पटांगण, खांदे, दवाखाना. कुणी उभ्याउभ्या पाणी पिऊन टाकावं तसं त्यांनी ते एका दमात सांगितलं. तानुबाईनं पाखडणं थांबवलं नाही.

"गुर्जी," ती म्हणाली, "तुमी बठ्ठं गाव शिकाडं. पन बाईले एक गोट कधी पुसी नई."

कोणती, मास्तरांनी विचारलं.

"तिनी काय फेकं व्हतं ते."

दगड, असं मास्तर म्हणाले, पण म्हणतानाच आपण हे कुणाकडूनही ऐकलेलं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. पिंगळ्याला मारतात तो दगडच. तानुबाईनं मारलंय म्हटलं होतं, लिलेनं तेवढंही म्हटलं नव्हतं.

"कौल व्हतं ते," तानुबाई म्हणाली. "तुमनी शाळानं फुटेल कौल. आनि तुमी तिले आनी देना नदीना गोल गोटा."

मग तिनं सगळं सांगितलं. लिला तो गोटा घेऊन नदीवर आली तेव्हा तानुबाई पाणी भरत होती. हा तर इथलाच गोटा शे, असं तानुबाई म्हणाली. माले दिखस, असं लिला म्हणाली. मग जाऊन सांग ना गुर्जींना, असं तानुबाईनं म्हटलं. तर ती नको म्हणाली. सात दिवसांत गुर्जींचं तोंड बघितलंस का, म्हणाली, तेही धड जेवलेले नाहीत. तिचे शब्द तानुबाईनं जसेच्या तसे सांगितले. ते शब्द अहिराणीत होते, म्हणजे लिला या बाईशी त्याच बोलीत बोलायची, हेसुद्धा मास्तरांना आज कळत होतं.

"ती म्हने, मी जेवसू तवय त्या जेवतीन. आनि गोटा पानीमा टाकी देना."

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर शाळेत असताना दोघी जणी कौल शोधायला गेल्या. फार शोधावं लागलं नाही. अंगणाच्या कडेला निरगुडीच्या झुडपात ते पडलं होतं, सागाच्या बुंध्यापासून वीस हात अलीकडे. पिंगळ्यापर्यंत ते पोचलंच नव्हतं. लिलेनं ते हातात घेतलं आणि खाली बसून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. माले फेकता बी येत नई, म्हणाली. मग ते कौल तिनं घरी नेऊन कोंबड्यांच्या खुराड्याच्या भोकावर ठेवलं, आणि बदली होईपर्यंत ते तिथंच होतं. रोज संध्याकाळी कोंबड्या कोंडताना मास्तरच ते कौल सरकवायचे.

मास्तरांना ते कौल आठवलं. एका बाजूला तुटलेलं, मधोमध काळा डाग. त्यांनी दोन वर्षं ते हातात धरलं होतं. आणि मग त्यांना पटांगण आठवलं, तिसरी रांग, पदर, हलणारे खांदे. त्या खांद्यांवर सात वर्षं जे ओझं त्यांनी ठेवलं होतं ते एकदम उतरलं, आणि खाली नुसती हसणारी बाई राहिली. नवरा माइकसमोर उभा राहून छाती फुगवून "हाच" म्हणतोय, शेकडो माणसं बायकोला हसतायत, आणि तिसऱ्या रांगेत एकच बाई नवऱ्याला हसतेय. ती झिजली ती गाठीनं झिजली. त्यांनी काही काढून घेतलं नव्हतं, कारण तिनं ते कधी घेतलंच नव्हतं. मास्तरांना मोकळं वाटलं. तेवढ्यात त्यांना दवाखान्यातली ती दुपार आठवली. तेव्हा तुम्ही दगड कुठून आणला होता हो. ती परीक्षा घेत नव्हती. तिला त्यांच्याबरोबर एकदा त्यावर हसायचं होतं, जाण्याआधी. नदीतून, एवढं म्हटलं असतं तर ती कौलाचं सांगणार होती. एवढा एकच शब्द होता. आणि ते सागाखालून म्हणाले होते, मग ती एकटीच थोडंसं हसली होती. मास्तर तानुबाईच्या अंगणात, उडदाच्या फोलात, तोंडावर हात धरून रडले. तानुबाईनं त्यांना रडू दिलं आणि सूप बाजूला ठेवून आत चूल पेटवायला गेली. थोड्या वेळानं तिनं आतून विचारलं, भाकर टाकू का, आणि मास्तर हो म्हणाले.

ते जेवत असताना मोतीलाल आला. घामानं भिजलेला, शर्टाला कुसळं, आणि पडेल चेहऱ्याचा. तीन तास हिंडलो सर, काही नाही, मोर आणि एक शिक्रा, एवढंच. तो चौथऱ्यावर बसला, तानुबाईनं दिलेलं पाणी प्यायला आणि सवयीनं वही काढून तारीख लिहिली. मग, आपल्याशीच बोलावं तसा म्हणाला, एवढी चांगली जागा, चार वर्षं तुम्ही इथं होतात, आणि कुणाला एकदाही दिसू नये.

"दिसला होता," मास्तर म्हणाले. "मी तुम्हाला खोटं सांगितलं. लिहून घ्या."

मोतीलालनं मान वर केली. मास्तरांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला आणि हात पुसला.

"साल त्र्याऐंशी, एप्रिल. रोज अकरापासून दुपारभर. त्या बुंध्याच्या जागी तेव्हा उंच साग होता, त्याच्या शेंड्यावर. शेपटी हलवायचा."

मोतीलालचं पेन भराभर चालत होतं. पाहणाऱ्याचं नाव भाईदास पाटील असं तो लिहायला लागला तेव्हा मास्तरांनी त्याचा हात धरला.

"माझं नको. मी वर नीट बघितलंच नाही कधी. लिलाबाई भाईदास पाटील, असं लिहा."

मोतीलालनं लिहिलं. नाव लिहून झाल्यावर तो थोडा थांबला, कारण त्या बाईंना जिन्याखालच्या खोलीत हार घातलेल्या फोटोत त्यानं पाहिलं होतं. मग हलक्या आवाजात त्यानं पुढचा रकाना विचारला. अंतर. पक्षी त्यांच्यापासून साधारण किती लांब होता.

"तिनं फेकलेलं कौल जिथं पडलं," मास्तर म्हणाले, "तिथून आणखी वीस हात पुढं."

आत चुलीपाशी तानुबाई हसली. मोतीलालला कळलं नाही, पण त्यानं अंदाजे साठ फूट असं लिहिलं आणि वही मिटली.